उन्हात सुकवलेला टोनर

शुक्रवार

प्राजक्ताने मला कागदांचा गठ्ठा दिला आणि म्हणाली, "आजी, गिऱ्हाइकांसमोर जा काय बोलतास, ता ह्याच्यार लिवन काढा. तोंडाक तेवढोच इसावो."

कागद एका बाजूने छापताना बिघडलेले, दुसऱ्या बाजूने कोरे. चुलीत घालण्यापेक्षा बरे, म्हणून घेतले. माझी शाळा तिसरीपर्यंत. पावसात छप्पर गळायचे म्हणून शाळेला सुट्टी, आणि काजू पडायला लागले की मीच सुट्टी घ्यायची. तरी अक्षर वाचता येते. या पानाच्या मागे कोणाचे तरी आधार कार्ड आहे. मुंडकेच नाही त्याला.

प्राजक्ता म्हणजे माझी नातसून, माहेर बांद्याचे. नातू सुदेश डोंबिवलीला कंपनीत. लग्नानंतर वर्षभर ती तिथे एका खोलीत बसून भिंती बघत होती. मग इकडे आली आणि माझ्या पडवीत दुकान घातले. झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म. माझी सुपे, रोवळ्या, नारळांची रास सगळी मागीलदारी गेली आणि पडवीत तो प्रिंटर बसला, जावई बसतो तसा. त्याला गरम होऊ नये म्हणून पंखा. मला गरम झाले तर हातातला विंझणा.

आज सुदेशचा फोन आला. तिने मोठ्या आवाजावर ठेवला होता, मी काही कान लावून ऐकत नव्हते. तो म्हणाला, "जत्रेपर्यंत बघतंय. दुकान उभा रवला तर मी काय बोलूचंय नाय. नायतर मे म्हयन्यात बॅग भरायची आणि हय येवचा."

ती "बरा" म्हणाली आणि फोन ठेवला.

मला काय. गेली तर गेली. भांडी कमी पडतील घासायला. तिची सोलकढी तशीही पाणचट असते.

मंगळवार

कौल झाला!

आमच्या सातेरीच्या जत्रेची तारीख कुठल्याही कॅलेंडरात सापडायची नाही. देवीच्या अंगाला कळ्या लावतात आणि विचारतात, अमुक दिवस चालेल का? उजवी कळी पडली की हो. गेल्या वर्षी दोन महिने तिने डावीच पाडली. यंदा पहिल्याच तारखेला उजवी कळी टपकन खाली! जत्रा पुढच्या आठवड्याच्या शेवटी!

देवळात एकदम कालवा. भाईने गाऱ्हाणे घातले. तो देवस्थानचा मानकरी, गाऱ्हाण्याचा मान त्यांच्या घराकडे. देवीसमोर मागणे त्याने मोठ्याने मांडायचे आणि आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. पण आज अर्ध्या लोकांचे "व्हय म्हाराजा" मोबाइलमध्येच चालले होते. प्रत्येक जण मुंबईला फोन लावत होता. तिकिटे काढा, रजा टाका, कोंबडी बघून ठेवा.

मीसुद्धा पळत घरी आले. गुडघा दुखतो हे नंतर आठवले.

दुकानात तोवर रांग. लोकांना बोटीतून फिरवणाऱ्या गुरुप्रसादला दर छापायचे, दशावतारवाल्यांना नाटकाची पत्रके, खोल्या भाड्याने देणाऱ्यांना पाट्या. प्राजक्ताचे केस सुटलेले, कपाळाला शाई. मी उभी राहून रांग लावली. मध्ये घुसणाऱ्या महादूला सांगितले, "तू जन्मलंस तेव्हापासून घाईत आसस, तरी अजून लगीन नाय."

मग भाई स्वतः आला. जत्रेचे मोठे पत्रक आपल्याच दुकानात द्यायचे म्हणाला! दर्शनाच्या रांगा, ओटी भरण्याची वेळ, गाड्या कुठे लावायच्या, सगळे त्यात. गावात, एस.टी. स्टँडवर, जेटीवर वाटायचे.

"आयतवारी सकाळी गठ्ठो माझ्या हातात व्हयो गो," तो प्राजक्ताला म्हणाला. "नाय जमला तर आताच सांग, मी मालवणात प्रेसवाल्याकडे देतंय."

"जमतला," ती म्हणाली. आवाज असा, जसा काही देवीने तिलाच कौल दिला.

मंगळवारच, दिवे लागल्यावर

प्रिंटर मेला.

मेला म्हणजे टोनर संपला. टोनर म्हणजे प्रिंटरच्या पोटातला शाईचा डबा, पण शाई ओली नसते. काजळासारखी कोरडी पूड. प्राजक्ताने तो काढून दोन्ही हातांत धरला आणि राखुंडीच्या डब्यासारखा हलवला. आणखी थोडी पाने निघाली. मग परत हलवला. मग नुसता खुळखुळा.

तिने मालवणात फोन केले. या प्रिंटरला लागतो तो नंबर कोणाकडे नाही. मोबाइलवर मागवला तर यायला आठवडा. कणकवलीत विनीत नावाच्या माणसाच्या दुकानात आहे. पण ती गेली तर दुकान बंद, आणि दारात माणसे.

मी म्हटले, "मी जातंय."

"आजी, तुमका काय कळतला त्यातला?"

"सत्तर वर्सां मासळी घेतंय. कोण फसवता ता कळता माका."

या पानाच्या मागे दशावताराचे पत्रक आहे. राक्षसाचे अर्धे तोंड आले आणि शाई संपली. उरलेला अर्धा राक्षस कुठे गेला, देव जाणे.

बुधवार

जाऊन आले! आधी चहा घेतला, आता लिहिते.

सकाळच्या गाडीने गेले. जुना डबा माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत. कसालला गाडी थांबली तेव्हा एका बाईने विचारले, नातवंड आहे का आत. मी म्हटले, "होय, काळा झाला हा जरा."

विनीत म्हणजे चष्मा लावलेला पोरगेलासा माणूस. मला बघून शुद्ध बोलायला लागला. "आजी, मॉडेल नंबर काय आहे आपला?"

मी लुगडे सोडून डबा काउंटरवर ठेवला. "हो घे. तूच वाच."

त्याने वाचले आणि तीन खोकी काढली. एक कंपनीचा, एक दुसऱ्या कोणी केलेला पण नवा, आणि एक जुन्यातच पूड भरलेला.

"म्हणजे ताजो, बर्फातलो आणि रंग लावलेलो," मी म्हटले.

तो हसला आणि तिथेच शुद्ध बोलणे विसरला. "बर्फातलो घेवा आजये. चलतलो बरो."

"कल्ले दाखव."

"ह्याका कल्ले खंय?"

"मगे तो बरो हा ता कसा कळाचा?"

त्याने मला एक पितळी रंगाची टिकली दाखवली. तिला चिप म्हणतात. प्रिंटर आधी ती बघतो आणि मगच डब्याला आत घेतो. मी ती नीट पाहून घेतली. स्वच्छ होती. भावावरून घासाघीस केली, तो थोडा खाली आला, मी थोडी वर गेले, आणि शेवटी एक पेन फुकट घेतला. तोच हा. निळे उठते.

परतीच्या गाडीत आमच्या गावची सावित्री भेटली. मासळी विकून येत होती. टोपली रिकामी म्हणाली, पण तळाशी बर्फाचे पाणी. टोपली तिने वर ठेवली, खाली माझी पिशवी. गाव येईपर्यंत आम्ही दोघी जत्रेच्या गप्पांत. उतरताना बघते तर खोके भिजून लिबलिबीत आणि बांगड्याचा वास.

"मेले, माझ्या डब्याक आंघोळ घातलंस!" मी म्हटले.

"बांगड्याची शाई उठात गो, लोक पत्रक चाटतीत," ती म्हणाली आणि खदाखदा हसली.

घरी आले तर प्राजक्ता दुकानात मान वर न करता फॉर्म भरत होती. मी खोके मागीलदारी ठेवले. ओला डबा देऊन बोलणी कशाला खायची. सकाळी वाळवून देईन.

गुरुवार

लवकर उठले. खोके उघडले. आत काळी प्लास्टिकची पिशवी, तीही बांगड्याने माखलेली. ती धुतली. आतला डबा बाहेर काढला. तो कोरडा दिसत होता, पण आमच्या हवेत कोरडे काही कोरडे नसते. मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, दारे फुगतात. दर्याकाठी जन्म गेला माझा, मला कोणी शिकवू नये.

खोक्यावर इंग्रजी होते ते सोडले. चित्रे मात्र कळतात. एक छत्री काढली आहे, म्हणजे पाऊस लागू द्यायचा नाही. तिच्या बाजूला सूर्य. म्हणजे ऊन दाखवायचे. सूर्यावर एक तिरपी रेघ मारली आहे, छापताना बिघडली असणार. आमच्या दुकानात रोज बिघडते.

सुपात जुने पातळ अंथरून त्यावर डबा ठेवला. एका बाजूला जवळा, एका बाजूला पोह्याचे पापड. कावळ्यांसाठी काठी घेऊन बसले. दोन वेळा डबा उलथा केला, सगळीकडून ऊन लागावे म्हणून. त्याच्या पोटाशी एक हिरवी चकचकीत नळी आहे, झाकणाखाली. झाकण उघडून काडीने अडकवून ठेवले. आत दमट राहायला नको.

छान तापलाय. आता प्राजक्ताला नेऊन देते. खूश होईल.

गुरुवार, दुपार

सगळा घोळ झाला.

तिने डबा घातला. प्रिंटरने टिकली ओळखली, आत घेतला, घरघरला. कागद बाहेर आला तो आभाळ भरून यावे तसा करडा. अक्षरे आत बुडालेली. दुसरा तसाच. तिसऱ्यावर काळे पट्टे. प्राजक्ता माझ्याकडे बघायला लागली.

"आजी, ह्यो गरम कसो?"

"उनात सुकत घातलेलंय."

"उनात?"

"सावित्रीच्या मासळीचा पाणी लागला होता. आणि खोक्यार सूर्य काढलेलो हा, बघ."

तिने खोके हातात घेतले. चित्रावर बोट ठेवले. "आजी, ती रेघ नाय. ती फुली हा. उनात ठेवू नये म्हणान."

मी म्हटले, "मग सूर्य कशाक काढलो? नसतो काढलो तर मी घातलंय नसतंय."

तिने मोबाइल घेतला. विनीतला फोन लावला. तो म्हणाला, ती हिरवी नळी म्हणजे ड्रम. त्याला उजेड सोसत नाही. उन्हात तर आंधळाच होतो. दुसरा डबा त्याच्याकडे नाही, कोल्हापूरहून यायला सोमवार उजाडेल. "काळ्या पिशवीत घाला आणि मिट्ट काळोखात ठेवा. कधी कधी सुधारता. खात्री नाय."

ती फोन ठेवून विहिरीकडे गेली आणि तिथेच उभी राहिली. पाणी काढले नाही, काही नाही. नुसती उभी. ओरडली असती तर बरे झाले असते. मीही ओरडले असते आणि आम्ही दोघी जेवलो असतो.

नंतर बघते तर ती माळ्यावरून बॅग खाली काढत होती. डोंबिवलीची, चाके असलेली. पुसून कोपऱ्यात ठेवली.

मी डबा उचलला. काळोख म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आंबा गवतात घालतो तेव्हा रोज उघडून बघणाऱ्याचा आंबा पिकत नाही, कुजतो. डबा त्याच्या काळ्या पिशवीत घातला, वरून ह्यांचे जुने कांबळे गुंडाळले आणि तांदळाच्या पिंपात, अगदी तळाशी पुरला. झाकण लावून वर पाटा ठेवला.

ती म्हणाली, "आणि भात?"

"आयतवारपर्यंत भात नाय," मी म्हटले. "पिंपाक हात लावशीत तर बघ."

शनिवार

भाताशिवाय दिवस म्हणजे काय ते मुंबईच्या लोकांना कळायचे नाही. उकडलेली रताळी, बेकरीतले पाव, पुन्हा रताळी. सावित्रीला कळले तशी ती माशाच्या कढीचा टोप घेऊन आली. म्हणाली, पाणी माझ्या टोपलीतले होते. मी म्हटले, बरे आठवले. कढी चांगली होती, तिला सांगितले नाही.

प्राजक्ता पत्रक संगणकावर तयार करून बसली आहे. सारखी वाचते. दोनदा तिने पिंपाकडे बघितले, दोनदा मी खाकरले.

संध्याकाळी सुदेशचा फोन. आज तिने मोठ्या आवाजावर ठेवला नाही. मीही कान लावला नाही, पण ती "होय, बॅग काढली हा" म्हणाली ते ऐकू आले. एवढे हळू बोलायची काय गरज होती.

मग अंगणात बसून मला म्हणाली, "आजी, मी गेलंय तर ह्या प्रिंटराचा काय करशात?"

"वर तुळस ठेवीन."

हसली. मग डोळ्यांत काहीतरी गेले म्हणाली. जवळा वाळत होता, त्याची पूड उडते.

रविवार

आता लिहिते, सगळे लिहिते!

सकाळी आम्ही दोघींनी पिंपावरचा पाटा उतरवला. दारे खिडक्या बंद. पडवीत काळोख करून तिने चाचपडत डबा प्रिंटरात घातला. तांदळाचे दोनचार दाणे कांबळ्याला चिकटले होते, ते मी फुंकले.

पहिला कागद करडा. दुसरा करडा. पण माझ्या डोळ्यांना वाटले, थोडा उजाडलेला. प्राजक्ता म्हणाली, "नाय आजी. तसोच हा."

तेवढ्यात खिडकीच्या फटीतून मला भाई पाणंदीच्या वाटेने येताना दिसला. पांढरे धोतर, काखेत छत्री, चाल अशी की आता गठ्ठा नाही म्हणाले तर तसाच मालवणच्या गाडीत बसेल.

का कोण जाणे, मला त्याच वेळी देवी आठवली. मी प्रिंटरसमोर हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणे सुरू केले. "बा सातेरी माये, म्हाराजा!"

प्राजक्ता माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हण गो!"

"व्हय म्हाराजा," ती कशीबशी म्हणाली.

"ह्या यंत्रान जर काय खाल्लेला असात, पियालेला असात..."

"काकी!" भाई दार ढकलून उंबऱ्यात. छत्री खाली पडली. "ह्या काय चललाहा? गाऱ्हाणा असा घालतत? यंत्रान खाल्लेला? हयसून बाजूक व्हा!"

गाऱ्हाणे कोणी चुकीचे घातलेले भाईच्या घराण्याला सोसत नाही. त्याने वहाणा काढल्या, टोपी सारखी केली, प्रिंटरसमोर उभा राहिला आणि देवळात लावतो तसा आवाज लावला.

"बा देवी सातेरी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या जत्रेचा कागद काढूचो म्हणान ही तुझी लेकरां हय उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या टोनराक जो काय उनाचो, वाऱ्याचो, सावित्रीच्या टोपलेचो बाधो झालो असात..."

त्याला हे सगळे ठाऊक होते! सगळ्या गावाला ठाऊक होते!

"...तो बाराच्या वाटेन भायर काढ, आणि अक्षर स्वच्छ उठव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि प्राजक्ता दोघी अशा ओरडलो की कोंबड्या उडाल्या.

आता गाऱ्हाणे घातल्यावर उत्तराची वाट न बघता उठून जाणे मानकऱ्याला शोभत नाही. भाई बाकावर बसला. प्राजक्ताने बटण दाबले. कागद करडा. पुन्हा करडा, पण कडेला पांढरा. ती दाबत राहिली, प्रिंटर घरघरत राहिला, भाई पुटपुटत राहिला, मी चहा टाकला. प्रत्येक कागद आदल्यापेक्षा उजळ, पहाटेचा दर्या उजळत जातो तसा. आणि मग एक कागद आला तो पांढराशुभ्र आणि वर देवीचे नाव काळेभोर!

भाईने तो उजेडात धरला. "उजवी कळी पडली गो," तो म्हणाला.

प्राजक्ताने मला मिठी मारली. मी म्हटले, "सोड, चहा उतू जाता."

गठ्ठा घेऊन तो दुपारी गेला. आम्ही भात केला. भरपूर केला. दोघी आमटीभात ओरपत बसलो. सोलकढी तिनेच केली होती. ठीक होती.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी

देवळाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे पत्रक प्रत्येकाच्या हातात. लोक त्यात जत्रेचे गोड खाजे बांधून नेत होते, तरी वाचून मग बांधत होते.

विनीतकडून दुसरा डबा आला. मी तो हातात घेतला नाही. पिशवीसकट पिंपात टाकायला सांगितले. पिंपात आता अर्धा तांदूळ, अर्धा टोनर.

सुदेश आला. दर्शन घेऊन घरी आला तर पडवीत रांग. कपडे बदलायच्या आधी प्राजक्ताने त्याला कागदांना पिना मारायला बसवले. संध्याकाळपर्यंत तो तिथेच. मग पाठ धरून माझ्याकडे मागीलदारी आला.

"आजये, हिका न्हेव काय मी?"

"न्हे," मी म्हटले. "पण प्रिंटर न्हे, पिंप न्हे, आणि भाईक पण न्हे. गाऱ्हाण्याशिवाय ता चलत नाय."

तो हसला नाही. मग आत जाऊन कोपऱ्यातली बॅग उघडली. ती रिकामीच होती. त्याने त्यात आपले ऑफिसचे कपडे, चार नारळ, माझे पापड भरले आणि सकाळच्या गाडीने गेला. जाताना म्हणाला, "मे म्हयन्यात मीच येतंय. पिना मारूक."

आता लिहायला बसले तर बिघडलेल्या कागदांचे खोके रिकामे. चार दिवसांत एकही कागद बिघडलेला नाही. म्हणून हा गठ्ठ्यातला नवा, दोन्ही बाजूंनी कोरा घेतला. प्राजक्ता समोरच बसली आहे. बघते आहे.

मागची बाजूही लिहून काढणार आहे. फुकट कशाला घालवू.